कठड्याची मालकी

जर्मनीतील भाडेकरू सूर्यविजेचा तक्ता बाजारातून आणतो, बाल्कनीच्या कठड्याला बांधतो, वायरीचे टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचतो आणि कॉफी प्यायला बसतो. 800 वॅटपर्यंतच्या या उद्योगाला तेथील कायद्याने 2024 साली असे अभय दिले की, सबळ कारणावाचून घरमालकालाही नकार देता येऊ नये. अमेरिकेतील युटा राज्याने 2025 मध्ये 1,200 वॅटपर्यंत हीच मुभा वीजकंपनीशी करारमदार न करता देऊन टाकली. हे वर्तमान वाचून बडोद्यातील वाघोडिया रोडवरचे आमचे एक भाडेकरू स्नेही, ज्यांच्या पश्चिमाभिमुख बाल्कनीत वैशाखातल्या दुपारी अनवाणी उभे राहणे हे केवळ हठयोग्याचे काम आहे, आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले व एक तक्ता बांधू देण्याची त्यांनी विनंती केली. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. “अरजी आपो, जोईशुं,” म्हणाले.

अर्ज गेला, आणि कमिटीपुढे असा प्रश्न उभा राहिला की सदरहू कठडा कुणाचा. दस्तऐवजांची रुजुवात घेता निष्पन्न झाले ते असे की, कठड्याची आतली बाजू खरेदीखतान्वये घरमालकाची, बाहेरची बाजू रस्त्यावरून दिसत असल्याने इमारतीच्या ‘एलिव्हेशन’मध्ये मोडते, सबब सोसायटीची, आणि कठड्याचा रंग तेवढा भाडेकराराच्या कलमाप्रमाणे भाडेकरूचा, म्हणजे तो उडाला की त्याने लावायचा. आता कठडा म्हणजे दीड इंची लोखंडी नळ! त्याला आत आणि बाहेर अशा दोन बाजू असल्या तरी क्लॅम्प म्हणून जी वस्तू असते ती दोहोंना एकाच वेळी आवळते, त्यामुळे दोन ना-हरकत दाखले लागतील, आणि नळाच्या माथ्यावरची जी अरुंद रेघ आतलीही नव्हे व बाहेरचीही नव्हे तिच्याबद्दल कायदेशीर सल्ला घ्यावा लागेल, अशी तजवीज कमिटीने केली. याच नळावर बारा महिने गोधड्या, नऊवारी आणि शाळेचे गणवेश निथळत असतात. त्याच्याखाली एसीचे डबे ब्रॅकेटवर लोंबकळत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टाळक्यावर अभिषेक करतात. उत्तरायणानंतर तुटलेल्या पतंगांची कलेवरे त्यावर होळीपर्यंत फडफडतात. आणि तरीही ‘एलिव्हेशन’ अबाधित राहते, ते भंगते केवळ एका काळ्या काचेने. एका सभासदाने तक्ता खाली पडण्याची भीती व्यक्त केली, ती मात्र रास्त होती. वीस-बावीस किलोचे धूड वाऱ्यात पक्के बांधलेच पाहिजे. परंतु ही भीती एसीच्या डब्याखालून जाताना या गृहस्थांना कधी शिवली नाही, कारण तो डबा त्यांचा स्वतःचा आहे.

घरमालकांचा आक्षेप निराळाच होता. करार अकरा महिन्यांचा, तक्ता टिकणार पंचवीस वर्षे. तेव्हा मनुष्याला इथेच ठाण मांडायचे आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला व पुढच्या करारात भाडे वाढविले.

येथे आमचा संयम संपतो. 2024 साली घरच्या सूर्यविजेसाठी केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली. एका किलोवॅटला 30,000 रुपये, दोनला 60,000, तीन किंवा अधिकाला 78,000 असे अनुदान, आणि अट काय, तर घर स्वतःचे हवे आणि त्यावर छप्पर हवे. म्हणजे ज्याच्यापाशी छप्पर आहे त्याला ऊन सरकारी खर्चाने मिळणार, आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याने ऊन नुसते सोसायचे! सोसायटीचा पंप आणि लिफ्ट यांनादेखील किलोवॅटमागे 18,000 रुपयांचे अनुदान आहे. लिफ्टला कुणी भाडेकरार विचारत नाही. याच बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर 2015 साली दहा मेगावॅटचे सौर छप्पर घातले गेले, पाण्याची वाफ होऊ नये एवढी काळजी घेतली गेली. भाडेकरूची वाफ झाली तर कुणाचे काय जाते? मीटर मालकाच्या नावाचे, बिल भाडेकरूच्या खिशातून, गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला, आणि ती निघणार जानेवारीच्या चौदा-पंधरा तारखांना, पतंगांसाठी. हा कारभार सुधारणेचा नव्हे, वतनदारीचा आहे, आणि अनुदानाने तो अधिकच गब्बर होतो.

अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. कमिटीला आमची एवढीच सूचना आहे की, कठडा घरमालकाचा किंवा सोसायटीचा, काय ठरायचे ते एकदाचे ठरवून लेखी द्यावे, आणि जो मालक ठरेल त्याने त्या कठड्याच्या रंगाचे आजवरचे पैसे भाडेकरूला रोख परत करावेत.