हिरवळीवर अति जोरदार

महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस कुठं पडतो, या प्रश्नाला शाळेत 'महाबळेश्वर' किंवा 'आंबोली' लिहिलं की गुण मिळायचे. ते उत्तर आता दुरुस्त करायला हवं. सर्वाधिक पाऊस एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या लॉनवर पडतो.

एक कारखाना धरू. नाव विचारू नका, मीच रचलाय. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, हवा तिथं बसवा. शेजारचे ओळख दाखवतील. गिअर, शाफ्ट असं काहीबाही बनतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राप्रमाणे रोज ६० घनमीटर, म्हणजे ६० हजार लिटर तेलकट सांडपाणी निघतं, त्यावर प्रक्रिया होते आणि ते सगळंच्या सगळं 'आवारातील बागेसाठी पुनर्वापरात आणलं जातं'. बाग म्हणजे वॉचमनच्या केबिनपासून झेंड्याच्या खांबापर्यंतची ४०० चौरस मीटर हिरवळ. आता भागाकार करा. चौरस मीटरला १५० लिटर, म्हणजे १५० मिलिमीटर पाऊस. हवामान खातं दिवसाला ११५.६ मिलिमीटरच्या पुढं गेलं की 'अति जोरदार' म्हणतं. आमच्या लॉनवर तो रोज पडतो, मे महिन्यातही. सुट्या वगळून वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४५ हजार मिलिमीटर. महाबळेश्वर बिचारं सहा हजारांच्या आसपास दमतं.

हिरवळीला भर उन्हाळ्यातसुद्धा चौरस मीटरला पाच-सहा लिटर पुरतात. आमची मात्र दीडशे रिचवते आणि एवढं पिऊन पिवळी ती पिवळीच. उरलेलं पाणी कुठं जातं, असं काही आगाऊ लोक विचारतात. कारखान्याच्या मागं नाला आहे. नाल्याला संमतिपत्र लागत नाही.

पाण्यात तेल येतं कुठून, तेही बघू. सीएनसी मशीनवर धातू कापताना कूलंट लागतं. शंभर लिटर पाण्यात पाचेक लिटर सोल्युबल ऑइल टाकलं की पांढरंशुभ्र कूलंट तयार. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही हे शाळेत शिकवतात, म्हणून कंपन्या त्या तेलात साबणाच्या जातीचं रसायन घालून दोघांचं लग्न लावून देतात. ते इतकं पक्कं असतं की कूलंट खराब होऊन ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, आलं तरी जोडपं सुटं होत नाही. ईटीपी बांधणाऱ्यानं मात्र गृहीत धरलेलं असतं की माहेरी आल्यावर दोघं आपणहून वेगळी राहतील.

सुटं तेल वर तरंगतं, ते खरं. रिफायनऱ्यांतले तेल-पाणी विभाजक साधारण १५० मायक्रॉन आणि त्याहून मोठ्या थेंबांसाठी बांधतात. थेंब निम्मा झाला की त्याचा वर येण्याचा वेग चौपटीनं घटतो. कूलंटमधले थेंब दोन-चार मायक्रॉनचे. ते वर येण्याची वाट पाहणारा माणूस निवृत्त होईल, थेंब जिथल्या तिथं. म्हणून आधी आम्ल किंवा तुरटी, लोहक्षार घालून हे दूध फोडावं लागतं. मग दाबाखाली हवा विरघळवलेलं पाणी टाकीत सोडायचं; त्याचे बारीक बुडबुडे तेलाला चिकटून त्याला वर आणतात, ते खरवडून काढायचं. उरलेली घाण खाणाऱ्या जिवाणूंची पाळी त्यानंतर. आणि पाणी खरोखर परत मशीनवर किंवा कूलिंग टॉवरला वापरायचं असेल, तर शेवटी मेम्ब्रेन. हा क्रम चुकवून तेलकट पाणी थेट जिवाणूंच्या, हवा सोडलेल्या टाकीत घातलं तर जिवाणूंवर तेलाचा थर बसतो, त्यांना प्राणवायू मिळत नाही, ते मरतात. आमच्या ईटीपीत ते दर दोन-तीन महिन्यांनी मरतात. मग नव्या जिवाणूंसाठी शेणाचं पाणी ओततात.

ईटीपी चालवतात मामा. मूळ नोकरी माळ्याची; बाग आणि सांडपाणी कागदावर एकच असल्यामुळं दोन्ही खाती त्यांच्याकडं आली.

"मामा, आज पीएच किती?"

"सात पॉइंट दोन."

"मोजला?"

"साहेब, कालबी तेवढाच हुता."

लॉगबुक वाचनीय आहे. एकाच निळ्या पेनानं, एकाच बैठकीत महिना लिहिलेला. 'तेल व ग्रीस' या रकान्यात रोज ८. कारण पर्यावरण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यासाठी मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. नऊ लिहिलं तर घाबरल्यासारखं दिसतं, चार लिहिलं तर पुरावा मागतात. आठ हा संसारी आकडा. दहा मिलिग्रॅम म्हणजे किती, तेही सांगतो. एक लिटर तेल साधारण ९०० ग्रॅम भरतं. ते सगळं पाण्यात गेलं तर ९० हजार लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेच्या रेषेवर आणून उभं करतं. नाल्याच्या कडेला इंद्रधनुष्य दिसतं ते यातलंच. (पावसाळ्यात ते अधिक सुंदर दिसतं. पहिल्या मोठ्या सरीला टाक्या रिकाम्या करायची आपली परंपरा आहे.)

खंडेनवमीला मी तिथं होतो असं समजा. कारखाना बंद, सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. ईटीपीचा ब्लोअरही त्या दिवशी पुसून लख्ख. त्याला वर्षातून हा एकच सण. त्याही तारखेला लॉगबुकात ५८ घनमीटर पाणी आलं, शुद्ध झालं आणि बागेला गेलं. कामगार जेवायला घरी, पण सांडपाण्याला सुटी नाही. कामावरची निष्ठा म्हणतात ती अशी.

कायदाही समजूतदार होत चाललाय. १९७४च्या जल प्रदूषण कायद्यात नियमभंगाला तुरुंग होता. संसदेनं २०२४ मध्ये दुरुस्ती करून बऱ्याच कलमांतला तुरुंग काढला आणि १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला. पाणी राज्यांच्या अखत्यारीतलं असल्यानं राज्यांनी ठराव करून ही दुरुस्ती स्वीकारायची. आमच्या अकाउंट्स खात्यानं ही बातमी सुटकेचा निःश्वास टाकून वाचली. तुरुंगाची तरतूद बजेटमध्ये कुठल्या हेडखाली दाखवायची, हा प्रश्न मिटला.

आता गंमत. पुढच्या गेटनं रोज सहा टँकर येतात, दहा हजार लिटरचे. म्हणजे ६० हजार लिटर. मागच्या बाजूनं तेवढंच जातं. खरेदी खात्याला हे ठाऊक आहे, ईटीपीला ठाऊक आहे, पण दोन्ही खात्यांची मीटिंग वेगवेगळ्या वारी असते.

मशीन शॉपमधल्या एका पोरानं मागं एक गोष्ट सुचवली होती. सोमवारी सकाळी शॉपमध्ये कुजक्या अंड्यांचा वास येतो. रविवारी मशीन बंद असतं. स्लाइडवेचं आणि हायड्रॉलिकचं गळलेलं तेल कूलंटवर साय धरतं, खाली हवा पोचत नाही आणि बिनहवेचे जिवाणू दिवाळी साजरी करतात. पोरगा म्हणाला, प्रत्येक टाकीला बेल्ट स्किमर लावा, वरचं तेल रोज काढा, चुरा गाळा, रिफ्रॅक्टोमीटरनं तेलाचं प्रमाण बघत जा. कूलंट महिनोन्‌महिने जास्त टिकेल, ईटीपीत येणारं तेलच कमी होईल, रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पैसे मोजून पाठवायचा गाळही. काढलेलं तेल अधिकृत रिसायकलर पैसे देऊन नेईल. प्रस्तावावर शेरा आला: 'परतावा किती महिन्यांत? सविस्तर सादर करावे.' टँकरच्या बिलावर असा शेरा आजवर पडलेला नाही. तेलही गेलं, पाणीही गेलं, धुपाटणं म्हणून लॉगबुक आहे.

तुम्ही कारखान्यात नोकरीला असाल तर एक काम करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर कंपन्यांची संमतिपत्रं कुणालाही पाहता येतात. आपल्या कंपनीचं काढा, त्यातला सांडपाण्याचा आकडा टँकरच्या पावत्यांच्या शेजारी ठेवा आणि पुढच्या मीटिंगमध्ये दोन्ही कागद टेबलावर सरकवा. मामांना मात्र त्यात ओढू नका. त्यांनी सही सांगितली तिथंच केलीय.