चाळीस टक्के सर

प्राध्यापकांना तंत्रज्ञान जमत नाही असं म्हणणाऱ्याने स्टाफरूमचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहिलेला नसावा. पहाटे साडेपाचला उगवता सूर्य, त्यावर सुविचार, खाली फडफडणारी फुलपाखरं, असा सगळा हलता देखावा जे सर बिनचूक पाठवतात, तेच अकराच्या तासाला प्रोजेक्टरसमोर उभे राहून म्हणतात, "जरा मामांना बोलवा रे." अक्कल तीच आहे. पण फुलपाखरांचा अहवाल नॅकला द्यावा लागत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली मसुदा काढला, की विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा, उरलेला वर्गात. कल्पना तशी जुनीच. आयोगाचे उच्च शिक्षणाचे कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासूनच दूरदर्शनवर दिसू लागले होते आणि २००४ मध्ये तर खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला. म्हणजे आकाशाची तयारी केव्हाच झाली. घोडं अडलं जमिनीवर. प्रोजेक्टर कपाटात, किल्ली मामांकडे आणि मामा बँकेत.

प्राध्यापकांची तयारी मोजायला प्रश्नावल्या असतात. 'नवे तंत्रज्ञान वापरण्यास आपण किती उत्सुक आहात?' एक ते पाचपैकी आकडा लिहायचा. पदोन्नतीसाठी रिफ्रेशरला बसलेला माणूस पाचाखाली कशाला लिहील? खरी तयारी बहुधा तासिका तत्त्वावरच्या मॅडमकडे असते. लॅपटॉप त्यांचा, डेटा त्यांचा, व्हिडिओही देखणे. फक्त बिल निघतं ते वर्गात घेतलेल्या तासांचं. रात्री जागून केलेला व्हिडिओ कुठल्या रकान्यात लिहायचा, हे त्या विचारतात तेव्हा कार्यालयातले साहेब चहा मागवतात.

कायम नोकरीतल्या सरांचं दुखणं मात्र निराळं. त्यांचं अडतं विनोदापाशी. अर्थशास्त्राचे एक सर घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकवताना पाच आंबे खाणाऱ्या पाहुण्याची गोष्ट सांगतात. पहिल्या आंब्याला पाहुणा डोळे मिटतो, पाचव्याला हात जोडतो. वर्ग दरवर्षी नवा, त्यामुळे हशाही दरवर्षी ताजा. पण हीच गोष्ट एकदा रेकॉर्ड झाली की मुलं ती दीडपट वेगाने ऐकणार, पुढच्या वर्षीच्या मुलांना आधीच पाठवणार. आणि एकच विनोद पुन्हापुन्हा ऐकल्यावर काय होतं, ते सरांच्याच सिद्धान्तात लिहिलेलं आहे.

शेवटी सरांनी तोडगा काढला. व्याख्या, आकृत्या, गृहीतके, परीक्षेत हमखास येणारे प्रश्न, सगळं व्हिडिओत घातलं. आंबे मात्र वर्गात येणाऱ्यालाच.