होकायंत्र आणि अशोक चौक

सोलापुरात पूर्व शोधायला होकायंत्र लागत नाही. रिक्षावाल्याला 'पूर्व भाग' म्हणा, तो सूर्याकडे बघत बसत नाही, सरळ अशोक चौकाकडे हँडल वळवतो. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथं पिढ्यान् पिढ्या राहतात. पुढच्या खोलीत आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय, मागं यंत्रमाग खडखडतोय, आणि घरात कोण कोणावर तेलुगूतून ओरडतंय ते गल्लीभर ऐकू येतंय.

दिशेचं नाव माणसांना चिकटवायचा हाच घोळ विलायतेत मोठ्या प्रमाणावर झाला. लॅटिनमध्ये 'ओरिएन्स' म्हणजे उगवता सूर्य. पुढं युरोपवाल्यांनी तुर्कस्तानापासून जपानपर्यंत सगळं एकाच गाठोड्यात बांधलं. गालिचे ओरिएंटल, मसाले ओरिएंटल, माणसंही ओरिएंटल! २०१६ साली अमेरिकेनं आपल्या संघीय कायद्यांतून माणसांना लावलेला हा शब्द काढला. गालिच्यांनी तक्रार केली नव्हती, ते अजून ओरिएंटलच आहेत. पुण्यात १९१७ साली निघालेल्या भांडारकर संस्थेच्या इंग्रजी नावात तो मानानं बसलाय. मराठीत 'प्राच्यविद्या' म्हटलं की सामान्य माणूस लांबूनच नमस्कार करतो. बाकी आपण 'पौर्वात्य' म्हणतो. व्याकरणाला 'पौरस्त्य' हवा होता, पण 'पाश्चात्य'शी जोडी जुळवायची म्हणून आपण ताणाबाणा ओढूनताणून जमवला.

आमच्याकडे मागावरून उतरलेली चादर लगेच 'सोलापुरी' होते. तिला भौगोलिक मानांकनही आहे. ती विणणारा मात्र अजून 'पूर्व भागातला'. त्याच्या पोरानं जुळे सोलापूर उपनगरात फ्लॅट घेतला, शेजाऱ्यांसारखीच पाण्याच्या पाळीची वाट बघायला लागला, तरी सोसायटीत ओळख करून देताना 'मूळचे पूर्व भागातले' हे शेपूट आहेच. निवडणूक आली की हाच भाग शहराचं काळीज होतो. मतमोजणी उरकली की पुन्हा पूर्वेला सरकतो.

खरी पंचाईत शहराबाहेरच्या कुंभारी गावानं केली. विडी कामगार बायकांसाठी तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत झाली. तिथल्या ओट्यावरून बघितलं तर पूर्व भाग चक्क मावळतीकडं पडतो! आता त्याला पश्चिम भाग म्हणायचं काय, यावर एखादी समिती नेमायला हरकत नाही. अध्यक्षांच्या खुर्चीचं तोंड कुठं करायचं, यातच पहिली बैठक संपेल.