स्टेशनपासून पाच मिनिटं

‘नेरळजवळच्या गावात वन आरके विकणे आहे. स्टेशनपासून पाच मिनिटं, समोर माथेरानचा डोंगर.’ गेल्या महिन्यात ही जाहिरात मी दिली. मजकूर मात्र माझा नव्हे. २०१४ साली एका एजंटाने हाच मजकूर ऐकवून मला गंडवलं होतं.

दादरच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला ‘सेकंड होम’ म्हटलं की पहिल्याचा विसर पडतो. डिसेंबरातल्या रविवारी सकाळी एजंटाने आम्हाला त्याच्या गाडीतून नेलं. पाच मिनिटंच लागली. पुढे ताबा मिळाल्यावर आम्ही चालत गेलो, तेव्हा पस्तीस लागली. शेअर रिक्षाला अजूनही पाचच लागतात, पण ती भरायला पंचवीस.

जागा साडेचारशे चौरस फूट, असं कागदावर होतं. टेप लावली तर दोनशे ऐंशी भरली. उरलेली जागा कुठे, असं विचारल्यावर कळलं की जिना, लॉबी, पाण्याची टाकी या सगळ्यांत माझा वाटा आहे. बिल्डरला कार्पेट एरिया सांगायला लावणारा रेरा यायला अजून तीन वर्षं होती. तेव्हापासून जिना चढताना यातली आपली पायरी कुठली, हे मी कौतुकाने बघत असे.

‘वेल कनेक्टेड’ हा शब्द मात्र खोटा नव्हता. कर्जत लोकल थेट नेरळला नेते. फक्त दीड-पावणेदोन तास एका पायावर उभं राहायचं. शनिवारी पोचून उंदरांच्या लेंड्या झाडायच्या, पाण्याच्या टँकरची वाट बघायची आणि रविवारी लादी सुकते न सुकते तोच परतीची लोकल धरायची. ‘अहो, केर काढायला दादरचं घर होतं की,’ असं बायको दर खेपेला म्हणायची.

खिडकीतून माथेरानची १९०७ सालची मिनी ट्रेन दिसते, हे मी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. सगळे हिरवळ बघायला पावसाळ्यात यायचे आणि नेरळहून सुटणारी गाडी नेमकी पावसाळ्यात बंद असते. मेहुणा तर त्या खिडकीशी दोन तास बसून राहिला होता.

२७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आम्ही आदल्या रात्रीच फ्लॅटवर पोचलो होतो. वीज गेली, लोकल बंद, डब्यात दोन कांदे. शेजारच्या मावशींनी भाकरी आणि सुकट आणून दिली. म्हणाल्या, ‘तुमी पावसात इथं येता, आमी पावसात कुटं जात नाय.’ आमच्या दहा वर्षांच्या सेकंड होमचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगितला.

म्हणून विकायला काढला. गेल्या रविवारी एक तरुण जोडपं बघायला आलं. मी मित्राची गाडी मागून घेतली होती, एजंटासारखीच. स्टेशनबाहेर त्या मुलाने विचारलं, ‘काका, चालत किती?’ दहा वर्षांचा राग, अनुभव, विवेक सगळं बाजूला ठेवून मी म्हणालो, ‘पाच मिनिटं.’

‘मग चालतच जाऊ,’ ती मुलगी म्हणाली.

मे महिन्यातलं दुपारचं बाराचं ऊन. पस्तीस मिनिटं मी त्यांच्यापुढे चालत होतो आणि दर वळणावर ‘हे काय, आलंच’ म्हणत होतो. शेवटी त्यांनी फ्लॅट पाहिला, माठातलं पाणी प्यायले आणि परतीला रिक्षा भरायची वाट बघत बसले. पुन्हा फोन आला नाही.

आता बायकोच्या देखरेखीखाली जाहिरात नव्याने लिहिली आहे: वन आरके, कार्पेट दोनशे ऐंशी, स्टेशनपासून चालत पस्तीस मिनिटं, शेजार उत्तम. कोणाला हवा असल्यास जरूर कळवा. एजंटांनी कृपया फोन करू नये. त्यातला एक घरातच आहे.