पावलांचा धनी कोण?

लग्नघरी संगीताच्या रात्री ‘एक दो तीन’ वाजलं की मावशीपासून करवलीपर्यंत सगळ्या त्याच स्टेप्स धरतात. गायिका अलका याज्ञिक, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, शब्द जावेद अख्तरांचे, हे जाणकार पटकन सांगतात. माधुरी दीक्षितचं नाव तर सांगावंही लागत नाही. पण त्या रात्री आपण नाचतो ते सरोज खान यांचं काम, आणि तेच नाव कुणाच्या ओठावर येत नाही.

निर्मला नागपाल हे त्यांचं जन्मनाव. आधी बालकलाकार, मग ग्रुप डान्सर, मग बी. सोहनलाल यांच्या असिस्टंट. ‘गीता मेरा नाम’नं १९७४ मध्ये स्वतंत्र काम दिलं. नाव गाजायला मात्र ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) आणि ‘तेजाब’ (१९८८) यावे लागले. पुरुष मास्तरांच्या या धंद्यात ही बाई ‘मास्टरजी’ झाली, ती पावलांइतकंच चेहऱ्याला नाचवून. शब्द बदलला की भुवई बदलली पाहिजे, हा अभिनयाचा धडा त्यांनी नायिकांकडून गिरवून घेतला.

फिल्मफेअरनं संगीतकाराला पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये गौरवलं. नृत्यदिग्दर्शनाच्या पुरस्काराला १९८९ उजाडलं. तो पहिला पुरस्कार ‘तेजाब’साठी सरोज खान यांनाच मिळाला. पुढे ‘देवदास’, तमिळ ‘शृंगारम’ आणि ‘जब वी मेट’साठी तीन राष्ट्रीय पुरस्कार आले. टीव्हीनं त्यांना २००५ मध्ये ‘नच बलिये’त परीक्षकाची खुर्ची दिली, २००८ मध्ये ‘नचले वे’ हा नाच शिकवण्याचा कार्यक्रमही दिला. मान मिळाला, उशिरा का होईना. हक्काचं काय?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली हवी. शूटिंगच्या घाईत काउंट मोजत बसवलेला नाच कोण लिहून ठेवतो? २०१२ च्या दुरुस्तीनं सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं पक्का केला. त्या तरतुदीत शब्द आहेत, सूर आहेत, नाच नाही. गाणं पुन्हा वाजलं तर दोघांचा वाटा ठरलेला, स्टेप पुन्हा नाचली तर तिच्या कर्त्याच्या हाती काही नाही. पहिल्या बिदागीवर हिशेब संपतो.

हा सरळ अन्याय आहे. त्या दुरुस्तीत नृत्यरचना घाला आणि नृत्यदिग्दर्शकाच्या करारात पुढच्या वापराचा वाटा लिहा. कायदा बदलायला वेळ लागेल, हे मान्य. पण डान्स रिअॅलिटी शोमध्ये गाजलेली स्टेप नाचवताना पडद्याखालच्या पट्टीत मूळ नृत्यदिग्दर्शकाचं नाव द्यायला ना संसद लागते ना पैसा. वाहिन्यांनो, पुढच्याच भागापासून सुरू करा.