पस्तीस ग्रॅमांचा पाहुणा

मराठी घरातून पाहुणा पोट बिघडून जाऊ शकतो, पण उपाशी जाऊ शकत नाही. हाच नियम आपण पिंजऱ्यातल्या पाहुण्यालाही लावतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो. बजरीगर, ज्याला दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे बिनदिक्कत लव्हबर्ड म्हणतात, वजनाला ३० ते ४० ग्रॅम भरतो. दिवसाला चहाचे दीड-दोन चमचे दाणे त्याला पुरतात. पण ‘बिचारा टक लावून बघतोय’ म्हणून त्याला ५ ग्रॅमचं ग्लुकोज बिस्कीट मिळतं. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याच्या वजनाचा हा सातवा हिस्सा. ६३ किलोच्या गृहस्थासमोर कुणी ९ किलोचं बिस्कीट ठेवून ‘घ्या हो, एकच तर आहे’ असं म्हटलं, तर तो गृहस्थ पुन्हा त्या घरी जाणार नाही. पक्ष्याला ही सोय नाही, दाराची कडी बाहेरून असते. म्हणून माझं म्हणणं असं की पक्ष्याला किती घालायचं हे त्याच्या वजनावरून ठरवावं, आपल्या मायेवरून नव्हे. मायेला वजनकाटा नसतो आणि पक्ष्याला आग्रह मोडता येत नाही.

पहिली फसवणूक वाटी करते. बजरीगर, कॉकाटील, फिंच ही मंडळी दाणा अख्खा गिळत नाहीत. चोचीत धरून सोलतात, गर खातात आणि टरफल जिथल्या तिथे, म्हणजे बहुतेक वेळा वाटीतच टाकतात. संध्याकाळी घरी आलेला माणूस बघतो, तर वाटी काठोकाठ. तो निश्चिंत मनानं मोबाइल घेऊन बसतो आणि पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी राहतो. उपाय एका फुंकरीचा आहे : टरफलं उडाली की खरी शिल्लक कळते. (ही फुंकर गॅलरीत जाऊन मारावी, हे पहिल्या फुंकरीनंतर घरची माणसंच सांगतात.) उलटा घोटाळा मिश्र दाण्यांचा. पाकिटात राळे, बाजरी, वरी, करडई, सूर्यफूल असं सगळं असतं. कॉकाटीलसारखा चोखंदळ पक्षी चिवड्यातले काजू वेचावेत तसं त्यातलं सूर्यफूल वेचतो आणि उरलेलं चोचीनं जमिनीवर उडवतो. घरच्यांना वाटतं, संपलं, भूक दांडगी आहे. वाटी पुन्हा भरली जाते. सूर्यफुलाच्या गरात जवळपास निम्मं तेल असतं. म्हणजे पाकिटावर पाच धान्यं छापलेली असली, तरी पोटात जातं ते एकच, आणि तेही कढईत शोभणारं. सारांश, वाटी हा फितूर साक्षीदार आहे. खरी साक्ष पिंजऱ्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर उमटते : पक्ष्यानं खाल्लं असेल तर विष्ठा पडते, नसेल तर कमी होते. इतका निःपक्षपाती मजकूर त्या वर्तमानपत्राच्या दुसऱ्या कुठल्या पानावर मिळेल असं वाटत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो : जंगलात त्यांना कोण मोजून देतं? तिथे तर दाणेच खातात! खातात हे खरं. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जिथे पाऊस पडून गवत तरारतं तिकडे त्याचे थवे जातात आणि गवताचं बी, त्यातलं बरंचसं अर्धकच्चं, ओलं बी टिपतात. त्या चार दाण्यांसाठी त्यांना कित्येक किलोमीटर उडावं लागतं. जॉन गुल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. ऑस्ट्रेलिया मात्र सोबत नेता आला नाही. आपल्या दिवाणखान्यातल्या पक्ष्याची भटकंती दांडीपासून वाटीपर्यंत, म्हणजे दीड फूट. जंगलातला आहार आणि फ्लॅटमधला व्यायाम यांची बेरीज यकृतावर होते : ते चरबीनं भरतं. आणि आपण कौतुक करतो, कारण गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरवणाऱ्या समाजाला गुटगुटीत पक्षी आवडला नाही तरच नवल. पिसं फुलवून गोंड्यासारखा बसलेला पक्षी आपल्याला गोड दिसतो. तो बरेचदा आजारी असतो. शिकार होणारे जीव आजार लपवतात, त्यामुळे आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोपट पाळले, त्यांना काय पुस्तक वाचून खाऊ घातलं? नाही, आणि अडचण तीच आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत पोपट-साळुंकीला बोलायला शिकवण्याची कला आहे. त्यांना जेवू घालण्याची नाही. आपली प्राथमिकता तेव्हापासून स्पष्ट आहे. परंपरेनं पोपटाला दूध-पोळी दिली, तर दुधातली साखर पचवणारं विकर पक्ष्यांकडे नसतं. शेव-फरसाण दिलं, तर त्यातलं मीठ एवढ्याशा मूत्रपिंडांना झेपत नाही. परंपरेची एकच गोष्ट बरोबर निघाली, ती मिरची, आणि तीही भलत्याच कारणानं. मिरची खाणारा पोपट शूर असतो अशी आपली समजूत. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेनं २००२ मध्ये दाखवलं की मिरचीचा जाळ जाणवून देणारा चेतातंतूंवरचा ग्राहक पक्ष्यांत असतो, पण त्यावर मिरचीचा परिणामच होत नाही. पोपटाला मिरची भोपळी मिरचीइतकीच सौम्य लागते. शौर्य गेलं, पण अ जीवनसत्त्व राहिलं, आणि कोरड्या दाण्यांवर जगणाऱ्या पक्ष्याला नेमकं तेच कमी पडतं. (जाता जाता : आपला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला काय घालावं हा प्रश्न वनविभागाला विचारला, तर उत्तर पिंजऱ्यासकट मिळेल.) लाल भोपळा, गाजर, मेथी, शेवग्याचा पाला यांतूनही अ जीवनसत्त्वाची तीच उणीव भरते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगावा. कोकणच्या किनाऱ्यावर म्हाकुळाचं हे पांढरं हाड फुकट पडलेलं असतं, शहरात तेच पाकिटात घालून विकतात. नव्या परंपरेबद्दल मात्र सावध राहावं : पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत टोस्टवर माखून येणारा अव्होकाडो पक्ष्यांना विषारी आहे. चॉकलेट आणि चहा-कॉफीही.

राहिला सर्वांत जड आक्षेप : मोजून घालणं म्हणजे कद्रूपणा, प्राण्यावर प्रेम करायचं तर हात सैल हवा. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला उणीव असते ती दाण्यांची नाही, कामाची. रानातला पक्षी जागेपणीचा मोठा भाग अन्न शोधण्यात घालवतो. आपला पक्षी पाच मिनिटांत जेवून उरलेला दिवस कंटाळतो, मग पुन्हा खातो, कधी स्वतःची पिसं उपटतो. तेव्हा हात सैल सोडायचाच तर तो उद्योग देण्यात सोडावा. तेच दोन चमचे कागदाच्या घड्यांत लपवावेत, मेथीची जुडी उलटी टांगावी. ज्याला कष्टाविना आयतं मिळावं असं वाटतं, तो आपण. पक्ष्याला विचारलं तर त्याचं मत वेगळं पडेल.

पशुवैद्य सहसा दाण्यांपेक्षा पेलेट, म्हणजे तयार खाद्यगोळ्या, आणि भाज्यांना झुकतं माप देतात. तो बदल आठवड्यांच्या हिशेबानं करावा. नवं अन्न ओळखीचं नाही म्हणून पक्षी सरळ उपाशी बसतो, आणि ३५ ग्रॅमच्या जीवाला एकादशी परवडत नाही. म्हणून रोज सकाळी खाण्याआधी एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्यावं आणि खायला घालायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावं. नाही तर आजोबा दुपारी, मुलं शाळेतून आल्यावर आणि आई सगळे झोपल्यावर, असं तिघंही एकमेकांच्या नकळत ‘आज त्यानं काही खाल्लंच नाही’ म्हणून दाणे टाकतात. पक्षी काट्यावर सहज येत नाही, राळ्याचं कणीस दाखवलं की येतो. ही लाच दिवसाच्या दोन चमच्यांतून वजा करावी लागते, आणि घरोघरी नेमकी तीच नोंद राहून जाते.