गवतासाठी वर्गणी

अमेरिकेत काही गावांतले दुकानदार गवतासाठी पैसे गोळा करतात. विक्रीतला थोडा वाटा बाजूला काढायचा आणि त्यातून प्रेअरीचा, म्हणजे तिकडच्या माळरानाचा, एखादा तुकडा राखायचा. जाग आली, पण उशिरा. एकट्या इलिनॉय राज्यात सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. 1837 साली तिथल्याच जॉन डीअर या लोहाराने पोलादी नांगर घडवला. आज धडक्या अवस्थेतली प्रेअरी उरली आहे जेमतेम अडीच हजार एकर. आधी सगळं उलथायचं, मग वर्गणी काढायची; ही रीत आपल्याला काही परकी नाही.

आता असाच वर्गणीचा डबा ठाणे जिल्ह्यात, बदलापूर गावातल्या एखाद्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी ठेवून पाहा. वर चिठ्ठी : ‘गवतासाठी मदत करा.’ पहिलं गिऱ्हाईक विचारेल, ‘‘शेठ, म्हैस घेतली काय?’’ दुसरं म्हणेल, ‘‘गणपतीची पावती फाडली ना? आता हे काय नवीन?’’

त्याच डब्यावर ‘झाडासाठी’ लिहा, नोटा पडतील. झाडासोबत फोटो निघतो. एक रोप, त्याला धरलेले अकरा हात आणि मागे बॅनर. राखलेल्या गवतासोबत कसला फोटो काढणार? तिथे काहीच न करणं हेच काम असतं आणि काहीच न केल्याचं उद्घाटन करता येत नाही.

राज्य सरकारने 2019 साली 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. अशा मोहिमांत खड्डे कुठे खणायचे? जिथे ‘काही नाही’ तिथे, म्हणजे बऱ्याचदा गवतातच. सरकारी हिशेबात माळरान बहुतेक वेळा पडीक जमिनीच्या रकान्यात बसतं. एके काळी ठाणे जिल्ह्यातल्या वरकस, म्हणजे भात न पिकणाऱ्या उताराच्या, जमिनीवरचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, त्यावर इथली घरं चालायची. आता डोंगरउतारावरची माती धरून ठेवणारं तेच गवत उपटून आपण मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प लावतो, शोभेला मादागास्करचा गुलमोहर उभा करतो आणि निसर्गप्रेमाचं प्रमाणपत्र घेऊन घरी येतो. गवताची कदर उरली ती बिल्डरला. तो टेकडी कापतो, संकुलाला हिरवळीचं इंग्रजी नाव देतो आणि आत विकतची लॉन अंथरतो. तिला पाणी टँकरचं.

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. जांभूळ जिभेला कळतं, म्हणून त्याला वाली भेटला. गवताची चव गुरांना कळते आणि गुरांची नावं मतदारयादीत नाहीत.

तरी देशी वनस्पतींना आधार देणारं दुकान हवंच असेल, तर ते बदलापुरात आधीपासून आहे. पावसाळ्यात रस्त्याकडेला गोणपाट अंथरून आदिवासी बाया शेवळं, कंटोळी, कवला अशा रानभाज्या घेऊन बसतात. रान आणि माळ टिकला तर पुढच्या वर्षी माल, नाहीतर दुकान बंद. संवर्धनाची इतकी चोख योजना कुठल्या फाइलीत सापडायची नाही. रोपासोबत प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानात आपण अडीचशे रुपये निमूट मोजतो. इथे वीस रुपयांच्या जुडीवर पाच रुपये कमी करून घेतो. बाई पावती देत नाही ना!